सात थर बियरचे, टॉयलेट डेटाचं!

इंटरनेट कुठल्या भाषेत बोलतं? 'इंग्रजी!' असं झटकन म्हणाल. जरा दमानं घ्या! दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलताना जे नियम पाळतात, त्या प्रोटोकॉलच्या दुनियेत जर्मन भाषेनं भलतीच धमाल करून ठेवली आहे. कधी इंग्रजी शब्द आख्खाच्या आख्खा उचलला, कधी त्याचा ३१ अक्षरी अवतार घडवला, तर कधी जर्मनीत जन्मलेल्या माणसानंच सगळ्या जगाला नवा शब्द दिला. चला, केबल जोडा, कनेक्ट होऊ या!

पहिलाच झटका. 'प्रोटोकॉल' हा शब्द मुळात डिंकाचा आहे, माहीत आहे का? ग्रीकमध्ये 'प्रोटोस' म्हणजे पहिला आणि 'कोल्ला' म्हणजे डिंक. पपायरसच्या गुंडाळीला सुरुवातीला जे पान चिकटवायचे, ते प्रोटोकोलॉन. तिथून हा शब्द कागदपत्रांत शिरला, मग राजदूतांच्या मेजवान्यांत. आपल्या मंत्रालयातला राजशिष्टाचार विभाग म्हणजे प्रोटोकॉलच की! कॉम्प्युटरच्या गप्पांना हा शब्द लागला एप्रिल १९६७ मध्ये. लंडनजवळच्या टेडिंग्टनला ब्रिटनची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी आहे. तिथल्या रॉजर स्कँटलबरी आणि कीथ बार्टलेट यांनी आपल्या डेटा नेटवर्कवर एक टिपण लिहिलं, त्यात तो होता.

जर्मन ऑफिसात मात्र या शब्दाचा तिहेरी गोंधळ. मीटिंगचं इतिवृत्त? प्रोटोकोल. पोलिसांनी नोंदवलेला जबाब? प्रोटोकोल. नेटवर्कचे नियम? तेही प्रोटोकोल! वर सर्व्हरच्या लॉग फाइलला म्हणतात 'प्रोटोकोलडाटाय'. त्यामुळे जर्मन सहकारी 'प्रोटोकोल पाठव' म्हणाला, तर आधी विचारा, कुठला?

आता पॅकेट उघडू या. डेटाचे तुकडे करून पाठवायची युक्ती अमेरिकेत पॉल बॅरन यांनाही सुचली होती. त्यांनी ठेवलेलं नाव होतं 'डिस्ट्रिब्युटेड अडॅप्टिव्ह मेसेज ब्लॉक स्विचिंग'. एका दमात म्हणून दाखवा! ब्रिटनचे डोनल्ड डेव्हिस जास्त हुशारीनं वागले. त्यांनी आपल्या लॅबमधल्या भाषातज्ज्ञालाच गाठलं आणि इतर भाषांतही सहज रुळेल असा शब्द शोधला. तो म्हणजे 'पॅकेट'. निशाणा अचूक लागला! जर्मनमध्ये 'पाकेट' आधीपासून होतंच, पोस्टातलं पार्सल म्हणून.

आणि खरी गंमत पुढेच आहे. पश्चिम जर्मनीत पार्सल पोचवायचं काम डॉइचे बुंडेसपोस्टचं आणि टेलिफोनही त्यांच्याच ताब्यात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला याच पोस्टानं 'डाटेक्स-पी' नावाची डेटा सेवा सुरू केली. त्यातला 'पी' कशाचा? पाकेटचा! म्हणजे दारात येणारं पाकेट पोस्टाचं आणि तारेतून जाणारं पाकेटही पोस्टाचंच.

डेटाचं टॉयलेट

होय, बरोबर वाचलंत. त्या काळी टेलिफोनच्या लाइनला परवानगीशिवाय काही जोडणं जर्मनीत बेकायदा होतं. मोडेम हवा? पोस्टाकडूनच घ्या, पोस्ट म्हणेल त्या भाड्यानं. १९८१ मध्ये बर्लिनला जमलेल्या केऑस कम्प्युटर क्लब या हॅकर मंडळाच्या पोरांनी पुढे यावर तोडगा काढला आणि तो थेट प्लंबरच्या दुकानातून आणला.

अकूस्टिक कपलर नावाचं यंत्र फोनला तारेनं जोडत नसत. फोनचा रिसीव्हर उचलायचा, दोन रबरी वाट्यांत घट्ट बसवायचा. एका वाटीतला छोटा स्पीकर डेटाच्या शिट्ट्या वाजवणार, दुसरीतला माइक समोरच्या शिट्ट्या ऐकणार. बाहेरचा आवाज आत शिरला की डेटाचा चिवडा, म्हणून रबर एकदम फिट हवं. संडासाच्या पाइपला लावायचं रबर जर्मन फोनच्या रिसीव्हरवर अगदी मापात बसतं, हे या मंडळींना सापडलं आणि घरगुती मोडेम तयार झाला. नाव ठेवलं 'डाटनक्लो', म्हणजे डेटाचं टॉयलेट! त्या काळच्या साध्या कपलरचा स्पीड सेकंदाला ३०० बिट, म्हणजे जेमतेम ३० अक्षरं. सगळ्या नेटवर्क इतिहासात याहून झकास नाव झालेलं नाही, हे माझं ठाम मत.

नाकावरचा हात काढा, आता बियर! ओएसआय मॉडेल ऐकलंय? नेटवर्कचं सगळं काम एकावर एक अशा सात थरांत वाटून देणारी रचना, अगदी दहीहंडीसारखी; खालचा थर डळमळला की वरचे सगळे खाली. आयएसओनं १९८४ मध्ये हिला प्रमाण दर्जा दिला आणि तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी ते सात थर घोकताहेत. इंग्रजीवाल्यांनी पाठांतरासाठी पिझ्झा मागवला: 'प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे'. शब्दांची पहिली अक्षरं म्हणजे खालून वर सात थर. जर्मन विद्यार्थी वरून खाली येतात आणि घोकतात: 'आले डॉइचन श्यूलर ट्रिंकन फरशीडने झॉर्टन बियर'. अर्थ? सगळे जर्मन विद्यार्थी तऱ्हेतऱ्हेची बियर पितात! कायद्याचीही आडकाठी नाही, कारण जर्मनीत बियर सोळाव्या वर्षापासून चालते.

पण जर्मन थरांची नावं नुसती पाठ करू नका, चाखून बघा. इंग्रजीत दुसरा थर 'डेटा लिंक'. जर्मनमध्ये तो 'झिशरुंग्सशिश्ट', म्हणजे खात्री करून घेणारा थर, कारण बिट वाटेत बिघडले का हे तपासणं हे त्याचं मोठं काम. तिसरा थर इंग्रजीत नुसता 'नेटवर्क'. जर्मनमध्ये 'फरमिटलुंग्सशिश्ट'. 'फरमिटलुंग' म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज, जिथं बाई एका गिऱ्हाइकाची लाइन दुसऱ्याला जोडून द्यायच्या. हा थरही तेच करतो, कुणाचं पॅकेट कुणाकडे ते बघतो. नाव वाचलं की काम कळतं. मला विचाराल तर या सामन्यात जर्मन १, इंग्रजी ०!

दुकानात पैसे दिल्यावर जर्मन माणूस मागतो 'क्विटुंग', म्हणजे पावती. इंटरनेटवर टीसीपी हा प्रोटोकॉलही पावत्यांवरच जगतो, माहीत आहे का? आधी ओळखपाळख होते. एक कॉम्प्युटर 'सिन' म्हणतो, दुसरा 'सिन-अ‍ॅक', पहिला पुन्हा 'अ‍ॅक'. याला म्हणतात थ्री-वे हँडशेक. मग माल सुटतो आणि प्रत्येक बाइटचा हिशेब लागतो, 'इथपर्यंतचं मिळालं, पुढचं पाठव'. ठरल्या वेळेत पावती आली नाही, तर पाठवणारा मुकाट्यानं तेच पॅकेट पुन्हा धाडतो. या पावतीला इंग्रजीत 'अ‍ॅकनॉलेजमेंट' म्हणतात. जर्मन पुस्तकांत? 'क्विटुंग'! हिशेब चोख, शब्द रोख.

आता मोठा श्वास घ्या. टीसीपीचं पूर्ण जर्मन भाषांतर: यूबरट्रागुंग्सश्टॉयरुंग्सप्रोटोकोल. एकच शब्द, ३१ अक्षरं! ज्याला इंग्रजीत डीसीई म्हणतात, ते लाइनच्या टोकाचं मोडेमसारखं यंत्र जर्मनमध्ये 'डाटनयूबरट्रागुंग्सआइनरिश्टुंग', २८ अक्षरं. आणि डेटाचा ओघ आटोक्यात ठेवणाऱ्या फ्लो कंट्रोलच्या जर्मन नावात तीन 'एस' ओळीनं उभे आहेत. १९९६ च्या शुद्धलेखन सुधारणेची ही कृपा. त्याआधी तिथं जर्मनचं ते खास 'एस-त्सेट' अक्षर आणि एकच 'एस' होता. घाबरू नका, बोलताना जर्मन इंजिनिअरसुद्धा टीसीपीच म्हणतात, फक्त जर्मन उच्चारात: टे-त्से-पे. आणि वेबपानं आणणारा एचटीटीपी? हा-टे-टे-पे!

उच्चारात जर्मन कुठे बाजी मारतात ठाऊक आहे? 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' इंग्रजीत नीट म्हणायला नऊ उच्चार लागतात. जर्मन म्हणतो वे-वे-वे. तीन! खेळ खल्लास.

तोच 'वे' वायफायच्या वेळीही धावून येतो. जर्मनीतल्या हॉटेलात पासवर्ड मागायचा असेल तर विचारा 'वे-लान', म्हणजे वायरलेस लॅनची आद्याक्षरं. आणि 'वायफाय' हे कशाचं लघुरूप? कशाचंच नाही! १९९९ मध्ये इंटरब्रँड या कंपनीकडून घडवून घेतलेलं ते निव्वळ ब्रँडनेम.

तो, ती की ते?

इंग्रजीला नामांच्या लिंगाची चिंता नाही. जर्मनला आहे, आपल्याला आहे. दोन्हीकडे तीन-तीन लिंगं! मग बाहेरून आलेल्या शब्दांचं काय? जर्मन म्हणतो डेर सर्व्हर, आपण म्हणतो तो सर्व्हर. डी वेबसाइट, ती वेबसाइट. डास नेट्सवेर्क, ते नेटवर्क. डेर राउटर, तो राउटर. चार पैकी चार! न ठरवता जमलेली ही जुगलबंदी भन्नाट आहे. ई-मेलवर मात्र दोन्ही घरांत भांडण. जर्मनीत ती 'डी', ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडमध्ये सर्रास 'डास'. आणि आपल्याकडे मेल आला, आली की आलं? तिन्ही ऐकू येतात.

क्रियापदांची तर मज्जाच मज्जा. समोरचा कॉम्प्युटर जिवंत आहे का, हे हाक मारून बघणारा 'पिंग' हा प्रोग्राम अमेरिकेच्या माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. नाव घेतलं पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून. (आपला सोनार नव्हे, पण खरंखोटं पारखण्याचं काम सारखंच!) जर्मननं त्याला लगेच आपलं व्याकरण चढवलं: 'गेपिंग्ट', म्हणजे पिंग केलेलं. डाउनलोडचं काय? 'गे' पुढे लावायचा की मध्ये घुसवायचा? मध्ये घुसवणारे म्हणतात 'डाउनगेलोडेट', पुढे लावणारे म्हणतात 'गेडाउनलोडेट'. दोन्ही पार्ट्या ऑनलाइन आहेत.

'बाइट' शब्दाचा बाप कोण? वेर्नर बुखहोल्त्स! जन्म जर्मनीतल्या डेटमोल्डचा, नोकरी अमेरिकेत आयबीएमची. १९५६ मध्ये स्ट्रेच या महाकॉम्प्युटरवर काम करताना त्यांनी हा शब्द काढला. चावण्याचं इंग्रजी स्पेलिंग मुद्दाम बदलून त्यात 'वाय' घातला, कारण घाईत कुणी 'ई' गाळला तर त्याचा 'बिट' व्हायचा. गंमत अशी की प्रोटोकॉलच्या दस्तऐवजांत 'बाइट'ऐवजी बऱ्याचदा 'ऑक्टेट' लिहितात. जुन्या मशिनींत बाइट लहानमोठे असत. ऑक्टेट म्हणजे पक्के आठ बिट.

हे वाचून डोकं गरगरेल. अनेक बाइटची मोठी संख्या तारेतून पाठवताना मोठं टोक आधी की लहान? या भांडणाला डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या एका लेखात गलिव्हरच्या गोष्टीतली नावं दिली. अंडं मोठ्या टोकानं फोडणारे 'बिग-एंडियन', लहान टोकानं फोडणारे 'लिटल-एंडियन'. इंटरनेटनं निवडलं मोठं टोक. आता आकडे बोलून बघा! इंग्रजी 'ट्वेंटी-वन', वीस आधी. जर्मन 'आइन-उंट-त्स्वान्त्सिश', एक आधी, वीस मागून. आणि मराठी? एकवीस! एक आधी, वीस मागून. म्हणजे एकवीस ते नव्व्याण्णवच्या गल्लीत आपण आणि जर्मन एकाच टोकाचे, आणि इंटरनेट इंग्रजीच्या.

इथर गेलं, नेट राहिलं

जुन्या भौतिकशास्त्रज्ञांना वाटायचं की प्रकाश 'इथर' नावाच्या अदृश्य माध्यमातून धावतो. ते सापडतंय का, हे बघायला अल्बर्ट मायकेलसन यांनी १८८१ मध्ये जर्मनीत प्रयोग मांडला. आधी बर्लिनमध्ये, पण रस्त्यावरच्या रहदारीनं उपकरण इतकं थरथरे की बिऱ्हाड पोट्सडामला हलवावं लागलं. इथर काही सापडलं नाही! पण २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी आपल्या नव्या नेटवर्कला त्याच गायब इथरचं नाव दिलं: इथरनेट. विज्ञानातून हद्दपार झालेला शब्द आज राउटरच्या मागच्या पोर्टमध्ये जाऊन बसलाय.

तुमच्या कारमध्ये एक जर्मन प्रोटोकॉल बसलाय, माहीत आहे का? नाव कॅन बस. बॉश कंपनीनं १९८३ मध्ये काम सुरू केलं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटला ते जगापुढे मांडलं. चाकणला फोक्सवागन आणि मर्सिडीजच्या गाड्या जुळतात, त्यांच्या पोटातही ब्रेक, इंजिन, डॅशबोर्ड याच भाषेत बोलतात. मग दोघं एकदम बोलले तर? जुन्या इथरनेटमध्ये दोघंही गप्प बसत आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू होत. कॅनमध्ये शून्य हा 'दबंग' बिट आणि एक हा 'शांत' बिट. एकानं शून्य पाठवला, दुसऱ्यानं एक, तर तारेवर शून्यच दिसतो. एक पाठवणारा बघतो की आपला आवाज दबला, आणि तिथल्या तिथं थांबतो. शून्यवाल्याचा निरोप न तुटता, न फाटता पुढे जातो. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला त्याचा नंबर असतो; ज्याचा नंबर छोटा, त्याचा मान मोठा! ब्रेकचा निरोप अशा वेळी खोळंबत नाही. साधी, देखणी, जीव वाचवणारी युक्ती.

कुत्र्यांचंही नेटवर्क असतं! १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी सुरू केलेलं फिडोनेट, ज्यातला फिडो म्हणजे अमेरिकनांचा मोत्या. एमआयटीच्या ओळख तपासणाऱ्या प्रोटोकॉलचं नाव केर्बेरॉस, ग्रीक पाताळाच्या दारातला तीन डोक्यांचा कुत्रा. त्याच कुत्र्याचं जर्मन नाव 'त्सेरबेरुस', आणि ते होतं जर्मनीत मेलबॉक्स, म्हणजे फोनवरून जोडून निरोप ठेवायचे कॉम्प्युटर, चालवणाऱ्या मंडळींच्या आवडत्या सॉफ्टवेअरचं.

या कुत्र्यानं युद्धातही राखण केली. युगोस्लाव्हिया फुटला, सर्बिया आणि क्रोएशियामधल्या टेलिफोन लाइन तुटल्या. १९९२ मध्ये शांततावादी कार्यकर्त्यांनी त्सेरबेरुसवर चालणारं 'झामीर' नावाचं नेटवर्क उभं केलं; अर्थ, शांततेसाठी. झाग्रेबहून निघालेला निरोप जर्मनीतल्या बिलेफेल्डच्या एका मेलबॉक्सला जाई आणि तिथून बेलग्रेडला पोचे. दोन्ही शहरांतून परदेशी फोन लागत होता, फक्त एकमेकांना लागत नव्हता. आईबापांची खुशाली कळावी म्हणून लोकांनी ही वाट धरली.

जर्मनीत पहिली इंटरनेट मेल कधी पोचली? ३ ऑगस्ट १९८४, सकाळी १०.१४, कार्ल्सरूहे विद्यापीठ. अमेरिकेतून लॉरा ब्रीडन यांनी पाठवली, मायकेल रोटर्ट यांना मिळाली. मजकूर इंग्रजी, पण विषयाची ओळ आपुलकीनं जर्मनमध्ये: 'विलकोमेन'! स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं वाटेतच गळालेली. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९८७ मध्ये, चीनची पहिली मेल बीजिंगहून निघाली ती याच कार्ल्सरूहेला. भाषा? जर्मन आणि इंग्रजी, दोन्ही!

आयएसडीएन आठवतंय? इंग्रजीत 'इंटिग्रेटेड सर्व्हिसेस डिजिटल नेटवर्क'. जर्मनांनी त्याच चार अक्षरांत आपला अर्थ बसवला, 'आवाज आणि डेटाचं एकत्र जाळं'. मग वात्रट मंडळी आली. इंग्रज म्हणाले, 'आय स्टिल डोंट नो'. जर्मन म्हणाले, 'इस्ट झोवास डेन न्योटिश?' म्हणजे, याची खरंच गरज आहे का?

डोक्यावर दोन टिंबं असलेल्या जर्मन अक्षरांना जर्मनीच्या डॉट-डीई पत्त्यात १ मार्च २००४ रोजी प्रवेश मिळाला. पण इंटरनेटचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएसला पडद्यामागे अजून साधी इंग्रजी अक्षरंच लागतात! म्हणून 'म्युलर'मधला टिंबवाला 'यू' उचलून बाजूला ठेवतात, पुढे 'एक्स-एन' आणि दोन हायफन लावतात आणि तो 'यू' कुठं बसवायचा याची खूण शेवटी 'के-व्ही-ए' अशी जोडतात. या युक्तीचं नाव प्युनीकोड. २०१४ मध्ये आलेलं आपलं देवनागरी 'डॉट भारत' याच युक्तीवर चालतं.

कबुतरं उडवू? १ एप्रिल १९९० रोजी डेव्हिड वाइट्समन यांनी कबुतरांवरून इंटरनेट चालवायचा प्रोटोकॉल लिहिला. २००१ मध्ये नॉर्वेच्या बर्गनमध्ये तो खरंच चालवला! नऊ पिंग धाडले, चारांना उत्तर आलं. पण जर्मन माणूस दीडशे वर्षं पुढे होता. कासेलला जन्मलेले पॉल ज्युलियस रॉयटर, रॉयटर्स वृत्तसंस्थेचे संस्थापक, यांनी १८५० मध्ये आखेन ते ब्रसेल्स कबुतरांनीच बातम्या पाठवल्या, कारण मधल्या टप्प्यात तार नव्हती.

कॉफी घेणार? इंटरनेटवर कॉफी मशिन चालवायचा प्रोटोकॉल आहे, १ एप्रिल १९९८ चा, लॅरी मॅसिंटर यांनी लिहिलेला. दूध, सिरप, मसाला, अगदी दारूसुद्धा कोडमध्ये मागता येते! कॉफी जगाची, म्हणून पत्त्यासाठी अनेक भाषांतले शब्द चालतात. जर्मन 'काफे' आहे, त्यातलं पहिलं अक्षर मोठं, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठंच. देवनागरीतली हिंदी 'कौफी'ही त्यात आहे. आणि किटलीला कॉफी करायला सांगितलीत, तर उत्तर येतं एरर ४१८: मी किटली आहे! २०२२ मध्ये एचटीटीपीचे नियम नव्यानं लिहिले, तेव्हा ४१८ हा नंबर दुसऱ्या कुणाला दिला नाही. तो राखीव आहे.